हाकेला उभं राहणारं नाव

"नाव हाकेला उभं ऱ्हायलं पायजे," असं म्हणून ती पदर खोचायची, गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकायची आणि गल्लीच्या कोपऱ्याकडं तोंड करून, अजून पाळण्यातही न घातलेल्या लेकराला जेवायला हाक मारायची. एकदा, दोनदा, तीनदा. मग उजवा हात कानामागं धरून थांबायची.

त्या गॅलरीच्या बरोबर खाली माझा छापखाना. मंगळवार पेठेतल्या निम्म्या लग्नपत्रिका आणि बारशाच्या पत्रिका मी छापल्यात, असं मी उगीच सांगत असतो. तर हाकेला ओ द्यायचं काम माझ्याकडं असायचं. "दे की रं ओ, प्रेसवाल्या! मोकळी हाक परत येऊ न्हाय." मग मी मशीन बंद करून, शाईचे हात पुसत पायरीवर यायचो आणि कुणाच्या तरी आठ दिवसांच्या मुलीच्या वतीनं "ओऽऽ" म्हणायचो. समोरचं गिऱ्हाईक माझ्याकडं बघत राहायचं. पन्नाशीच्या माणसाला ते शोभत नव्हतंच.

आमच्या गल्लीत ती सगळ्यांची आत्या होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, 'कुर्र' म्हणून ती वाकते आणि मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. हल्ली घरोघरी एकच लेकरू, त्यामुळं सख्खी आत्या मिळणं अवघड झालंय. ज्या घरात नसेल ते हिला घेऊन जायचे. कुंच्या, झबली, दुपटी शिवणं हाच तिचा व्यवसाय. जाताना एक नवी कुंची घेऊन जायची आणि येताना पाठ चोळत यायची. "पाटलांच्या सुनंनं आज दातओठ खाऊन हाणलं. माझ्यावर कसला राग हाय कुणास ठाऊक!" पण तोंडावर समाधान असायचं.

माझ्या मुलीचं नाव मी 'हिरण्मयी' ठरवलं होतं. चांगल्या जाड कागदावर पत्रिकेचं प्रूफसुद्धा काढलं होतं. आत्यानं गॅलरीतून तीन हाका मारल्या. हात कानामागं धरला. मान हलवली.

"छापाय झ्याक हाय. पर पोरगी पाण्याकडं पळाली तर तुझी हाक पुरी हुईस्तवर ती बुडालेली असंल."

मी चिडलो. चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी मुलीचं नाव हिरा ठेवलं. आज ती बत्तीस वर्षांची आहे आणि अजून पहिल्या हाकेला वळून बघते.

पण आत्याचं स्वतःचं नाव काय, हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. मला कळलं ते गॅसचा फॉर्म भरताना. तिनं आधारकार्ड पुढं केलं आणि नजर दुसरीकडं वळवली. कार्डावर नाव होतं, नकुशी. तुम्हाला ही रीत ठाऊक असेल. मुलीवर मुली झाल्या की पुढचीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे देवाला कळेल की आता मुलगी नको. कागलजवळच्या एका खेड्यात ही चौथी मुलगी.

"वाचलंस न्हवं? आता इसर," ती म्हणाली.

नाव बदलता येतं, गॅझेटात जाहिरात दिली की झालं, असं मी तिला सुचवलं. ती हसली. "आता ह्या वयात बदलून मला हाक कोण मारणार हाय?"

तिचा नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला. तेव्हापासून ती भावाकडं. पुढं भाऊ-भावजयही एकामागून एक गेले आणि त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे तिचा भाचा, तिनंच शिवणाच्या मशीनवर वाढवला. तो इंजिनिअर झाला, जर्मनीला गेला आणि तिथंच जन्मलेल्या एका मुलीशी त्यानं लग्न केलं. मुलीचे आईवडील मूळचे सर्बियाचे. गल्लीत सर्बिया कुठं आहे यावर दोन दिवस चर्चा झाली. आत्याला त्याचं काही नव्हतं. सूनबाई फोनवर "आत्या, जेवलीस का?" एवढं मराठी बोलायची. तेवढ्यावर आत्या दिवसभर खूश असायची.

मग दिवस गेल्याची बातमी आली. आत्या जिना उतरून छापखान्यात आली, एरवी ती माझ्याशी गॅलरीतूनच बोलायची. "बाळ्याला बहीण न्हाय. म्हंजे मान माझाच. व्हय का न्हाय?" मी म्हटलं, शंभर टक्के. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांच्या कानात बोलली, आता आपल्या लेकराच्या कानात बोलणार. नाव तिथल्या दप्तरात जन्मल्याबरोबर लिहावं लागतं, असं भाच्यानं सांगून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं नाही. "कागदावर कायबी लिव्हा. कानात पडल्याबिगर नाव लागत न्हाय. नाताळात इकडं या, मी सांगतो." ती कधीकधी स्वतःला पुरुषासारखं 'सांगतो' म्हणायची, आमच्याकडच्या बऱ्याच बायका म्हणतात.

नाव मात्र सूनबाईच्या आजोळचं ठेवायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. आडनाव आमचं, तर नाव त्यांचं. आत्याला ते पटलं. "बरोबर हाय. पोरगी नऊ म्हैनं वाहती." मुलगीच होणार हे तिथं आधीच सांगतात. तिकडून नावं यायला लागली आणि आमच्या गॅलरीत हाका सुरू झाल्या. "मिलेनाऽऽ!" "वेस्नाऽऽ!" "दानित्साऽऽ!" मी खालून ओ देत होतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रोज विचारायचा, "आत्या, आज कोण पावणी आलीया?" प्रत्येक नावाचा अर्थ ती मागवून घ्यायची. मिलेना म्हणजे लाडकी. वेस्ना म्हणजे वसंत. दानित्सा म्हणजे पहाटेची चांदणी. ही चांदणी तिला फार आवडली. "हाक कळंब्याच्या तळ्यापातुर जातीया बघ!"

आणि एका रविवारी फोन आला. फोन मीच धरायचो, कारण तिच्या हातात दिला की तिकडं फक्त आमचं छत दिसायचं. भाचा म्हणाला, "आत्या, ठरलं. तिच्या आजीचं नाव ठेवायचं. आईवडील इथं कारखान्यात जायचे, हिला तिकडं सर्बियात आजीनंच वाढवली. स्तानिया."

"झ्याक हाय की. अर्थ काय?"

भाचा अडखळला. सूनबाईनं त्याला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडं जुनी पद्धत होती, आत्या. मुली फार झाल्या की असलं नाव ठेवायचे. म्हणजे, थांबा. आता मुली पुरे."

आत्या उठली आणि आत गेली. तिकडून दोघं "आत्या, आत्या" म्हणत होती आणि मी मोकळ्या खुर्चीसमोर फोन धरून उभा होतो. आतून आवाज आला, "दुसरं कायबी ठेवा. हे मी माझ्या तोंडानं सांगायची न्हाय."

चार दिवस माझ्या छतावर शिवणाचं मशीन वाजलं नाही. गॅलरीचं दार बंद. भाच्याचे मला फोन, काका, समजूत काढा. पाचव्या दिवशी मी आमटी-भाकरी घेऊन वर गेलो. ती न शिवलेल्या कापडाच्या गठ्ठ्याशेजारी बसली होती.

"प्रेसवाल्या, शाळंत बाई हजेरी घेताना माझं नाव घ्यायच्या आन् पोरं हसायची. मी 'हजर' म्हणायचीच न्हाय. वर्गात बसून वर्षभर गैरहजर लागली. तिसरीत नाव काढलं." मग म्हणाली, "आता तू सांग, मी त्या पोरीच्या कानात काय म्हणून घालू?"

नाव छापणं वेगळं आणि ते घेऊन जगणं वेगळं. मी भाकरी मोडून तिच्यापुढं ठेवली. तिनं दोन घास खाल्ले आणि एकदम म्हणाली, "लाव फोन."

तिनं सूनबाईला एकच गोष्ट विचारली. "तुझ्या आज्जीला हाक कोण मारायचं?"

भाच्यानं तिच्या भाषेत विचारलं. सूनबाई बराच वेळ बोलत होती. तो सांगत गेला. "आजोबा. त्यांची आलुबुखाराची बाग होती. रोज संध्याकाळी बागेतून घरी येताना ते लांबूनच नावानं हाक मारायचे आणि आजी दारातून ओ द्यायची. आजोबा गेल्यावरही ती त्या वेळेला दारात येऊन उभी राहायची. म्हणून हिला ते नाव पाहिजे. घरात परत कुणीतरी त्या नावानं हाक मारावी म्हणून."

आत्यानं डोळ्याला पदर लावला. मग सूनबाईकडं बघून म्हणाली, "माझं बी तसलंच हाय. नकुशी." भाच्यानं त्याचा अर्थ तिला सांगितला. सूनबाई हसली नाही. तिनं ते नाव सावकाश, जपून उच्चारलं. आत्या म्हणाली, "परत म्हण." तिनं परत म्हटलं. आत्या नुसती ऐकत राहिली. ओ दिली नाही. त्या नावाला ओ द्यायची तिला सवयच नव्हती.

मग तिनं गॅलरीचं दार उघडलं. फोन माझ्या हातात तसाच चालू होता. "स्तानियाऽऽ!" एकदा, दोनदा, तीनदा. मी वरच होतो, त्यामुळं ओ इस्त्रीवाल्यानं दिली. कानामागचा हात खाली घेऊन ती म्हणाली, "बसलं."

श्रावणात मुलगी झाली. आत्या फोनवर तिला 'बाई' म्हणायची, नाव घ्यायची नाही. नाव कानात सांगायचं, फोनात नाही. हुपरीहून चांदीचे वाळे आणवले. लाल खणाची कुंची शिवली, उसवली, पुन्हा शिवली. "लेकरू वाढतंय की रं, डोकं मोठं झालं असंल." नाताळाला किती दिवस राहिले, हे मला रोज विचारायची. भिंतीवर कॅलेंडर होतं, तरी विचारायची.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी छतावर मशीन वाजत होतं ते थांबलं. मला वाटलं, दोरा तुटला. मी काम करत राहिलो. तासाभरानं आमची ही चहा घेऊन वर गेली, तर आत्या मशीनवर डोकं टेकून बसली होती. गेली होती.

मी तेव्हाच वर जायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. डॉक्टर म्हणाले, उपयोग झाला नसता. तरी वाटतं.

ठरल्याप्रमाणं भाचा आणि सूनबाई लेकराला घेऊन नाताळात आली. बारसं आत्याच्याच खोलीत झालं. हिरा आणि भाचा एकत्र वाढलेले, म्हणून मान हिराला दिला. तिनं 'कुर्र' केलं, नाव सांगितलं आणि गल्लीतल्या बायकांनी तिला असं बडवलं की बिचारी खोकायला लागली. खणाची कुंची बाळाला घट्ट झाली. सूनबाईनं नाडी न बांधता ती तशीच डोक्यावर ठेवली.

संध्याकाळी पाहुणे पांगले. मी खाली येऊन, दुसरं काही सुचेना म्हणून, मशीन चालू केलं. वर गॅलरीचं दार वाजलं. नावाची परीक्षा बघताहेत, असं मला वाटलं. वाकून बघितलं, तर सूनबाई लेकराला कडेवर घेऊन कठड्याशी उभी होती. तोंड गल्लीच्या कोपऱ्याकडं.

"नकुशीऽऽ!"

एकदा, दोनदा, तीनदा. मग तिनं मोकळा हात कानामागं धरला. इस्त्रीवाल्यानं मान वर केली. हे कुणाचं नाव, गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

मी मशीन बंद केलं, पायरीवर आलो आणि ओ दिली.