हाकेला ओ न देणारं स्टेशन
श्रीगोंद्याकडून फुटलेल्या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन म्हणजे भैरोबावाडी. दिवसाला एकच गाडी, आणि एरवी तिथं कुत्रंही उतरत नसे. पण अमावास्येला बघा, डब्यात पाय ठेवायला जागा मिळेल तर शपथ! लोक झपाटलेल्या बायकांना देवाकडं आणत आणि देवाचं हिरवं लुगडं नेसवून, पदरानं तोंड झाकून परत नेत. पुजाऱ्याची ताकीद एकच: सुटलेली बाधा फलाटावर राहते, तुमच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, मागं बघायचं नाही.

रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला भिमाजी याला हसायचा. छप्पन साली बुद्धाला शरण गेलेलं घर त्याचं, देव कधीच नदीत सोडलेले. "मास्तर, भूत असतं तर या दुष्काळात पानी मागाया आलं नसतं का?" असं वर स्टेशनमास्तरला म्हणायचा.

त्र्याहत्तरच्या चैत्रातली अमावास्या, दुपारचे तीन. भिमाजी हिरवं निशाण उचलणार, तेवढ्यात फलाटाच्या टोकाच्या नळाकडून हिरव्या लुगड्यातली एक बाई तिसऱ्या डब्याकडं धावत आली. "आवं धनी, मी हितं राहिले!"

डबा खच्चून भरलेला. त्यातली एकही मान वळली नाही.

"मी भागिरथी," बाई धापा टाकत म्हणाली. "खिडकीत बसल्यात ते माजे मालक, कोंडीराम. तुमी तरी सांगा त्यास्नी."

भिमाजी खिडकीशी गेला. "पाव्हणं, तुमची बायकू खाली राहिली."

कोंडीरामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण नजर समोरच. "माजी बायकू ही काय, शेजारी बसलीया."

शेजारी खरंच एक बाई होती. तेच हिरवं लुगडं, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"बाई, जरा पदर वर करा," भिमाजी म्हणाला. ती हलली नाही.

"घरचा उंबरा वलांडस्तवर तिनं तोंड दाखवायचं न्हाई," कोंडीराम म्हणाला.

मागून गार्डानं शिट्टी मारली, मग पुन्हा मारली. काय करावं भिमाजीनं? हात आपसूक वर गेला आणि गाडी हलली. भागिरथी शेवटच्या डब्याबरोबर फलाट संपेपर्यंत हाका मारत पळाली. कुणीही ओ दिली नाही.

ती परत आली तेव्हा फलाटावर दोघंच उरली होती. "दादा," ती म्हणाली, "त्या बाईला ते आपली बायकू म्हनाले. मग मी कोन?"

भिमाजीला म्हणायचं होतं, तू माणूस आहेस बाई, घरी चल, माझी बायको मालनबाई भाकरी वाढील. पण बारा वर्षं या फलाटावर भुतांना हसलेल्या त्या माणसाची नजर हळूच खाली गेली, तिच्या पावलांकडं.

पावलं सरळ होती. भेगाळलेली, धुळीनं माखलेली, एका अंगठ्यातून रक्त येत होतं.

तिनं त्याची नजर कुठं गेली ते पाहिलं. लुगडं खाली ओढून पाय झाकले.

"तुमीबी बघितलंतच," ती म्हणाली, आणि रुळांवरून चालू लागली.