नाशिकला वाईन चाखायचं ठरलं तेव्हा

मी शाळा शिकलो चौथीपर्यंत. तरी लातुरातल्या क्लासच्या सरांनी मला फळ्यासमोर खुर्ची देऊन माझा सल्ला घेतला होता. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

भूकंपात गावचं घर गेलं आणि आम्ही नवरा-बायको लातूरला आलो. काही वर्षं मजुरी केली, मग एक जुनी जीप घेतली. गल्लोगल्ली क्लास निघायचे दिवस ते. औशाकडच्या खेड्यांतून पोरींना सकाळी क्लासला आणायचं आणि संध्याकाळी घरी सोडायचं, हे माझं काम. खोल्या करून राहणाऱ्या लोहा-कंधारकडच्या पोरींना सुट्टी लागली की मीच घरी पोचवायचो. "मामांच्या गाडीत बसवलं की घोर न्हाई," असं आईबाप म्हणायचे. मी मान ताठ करून ऐकायचो.

ऐकायचो, पण आत टोचायचं. कारण गावाकडं मी प्यायचो. रोज प्यायचो. जमीन हलली तेव्हा मला उठताही येत नव्हतं. बायकोनं बखोटीला धरून ओढत अंगणात आणलं आणि मागं भिंत बसली. पुढं पत्र्याच्या शेडात राहत असताना मी तिच्यासमोर खंडोबाचा बेलभंडारा उचलून शपथ घेतली. त्यानंतर थेंब नाही. लातुरात ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. सांगितली असती तर पोटची पोर माझ्या गाडीत कुणी बसवली असती?

त्या वर्षी परीक्षा संपल्या आणि केमिस्ट्रीचे सर, म्हणजे क्लासचे मालकच, मला म्हणाले, "मामा, नाशिकला जायचंय. तिथं द्राक्षाच्या मळ्यात वाईन चाखायला देतात. आम्ही चौघं सर, गाडी तुमची."

मी "हाव" म्हणून बसलो. सरांना नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या खोलीत बैठक झाली. फिजिक्सचे सर नांदेडचे, नवेच लागलेले, वयानं लहान आणि उत्साही. त्यांनी सगळी सहल फळ्यावर मांडली होती, पेपरचं वेळापत्रक मांडतात तशी. पहिल्या दिवशी प्रवास, दुसऱ्या दिवशी तीन मळे, तिसऱ्या दिवशी दोन. वाईनला मार्कसुद्धा ठरवलेले: रंगाला दोन, वासाला तीन, चवीला पाच.

"मामा, रस्त्याचं तुम्ही सांगा," ते म्हणाले.

मी मनात ठरवूनच आलो होतो, की ही सहल जितकी मोडता येईल तितकी मोडायची. म्हणालो, "एका दिवसात नाशिक व्हायचं न्हाई. बीडपत्तुरच कंबर मोडंल. नगरला मुक्काम करा. मग शिर्डी. मग तसंच त्र्यंबकला जाऊ."

"मामा, आपण वाईन चाखायला चाललो का दर्शनाला?"

"देव वाटंत हाय. टाळून गेलं तर बरं दिसतंय का?"

"अहो, असं केलं तर वाईनला एकच तास उरतो!"

"मंग बास झाला की एक तास! वाईननं आंघोळ करायची हाय का?"

सगळे हसले. मी काही हसण्यासाठी बोललो नव्हतो.

हसत हसतच फिजिक्सच्या सरांनी खडू घेतला. मार्कांसाठी फळ्यावर चार सरांचे चार रकाने होते. त्यांनी शेजारी पाचवा आखला आणि वर लिहिलं, 'मामा'. "तुम्ही ड्रायव्हर म्हणून न्हाई, पाव्हणे म्हणून यायचं. एक एक घोट घ्यायचा आणि आमच्यासारखे मार्क द्यायचे."

पोरगा प्रेमानं बोलला होता. पण एक घोट काय असतो ते मला त्या चौघांपेक्षा जास्त कळत होतं. एका घोटानं माझं कधीच भागलं नव्हतं.

घरी आलो, बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"खरं काय ते सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू? दारुडा होतो म्हणून?"

"होताच की."

"आन् पोरी बसवायच्या बंद केल्या तर?"

"न्हाई करत. सांगा तुमी."

एवढी ठाम कशी काय बोलते, याचा मला रागच आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. गाडीचं इंजिन खोललंय असं सांगावं, पाय मुरगळला म्हणावं, सगळं मनात घोळवलं. पण खोटं बोलून पळणं माझ्या स्वभावात नाही. तिसऱ्या दिवशी सरळ क्लासच्या खोलीत गेलो. फळा तसाच होता. उभ्यानंच म्हणालो, "सर, तो रकाना पुसा. मी प्यायचो. लई प्यायचो. आता सोडलीय, पण एक घोट गेला तर माझा मला भरवसा न्हाई. ह्यावर पोरी माझ्या गाडीत ठिवायच्या का न्हाई, ते तुमी ठरवा."

केमिस्ट्रीचे सर उठले, डस्टर घेतलं आणि माझा रकाना पुसून टाकला.

"मला ठाऊक आहे, मामा. जीप क्लासला लावली तेव्हाच मामी येऊन सांगून गेल्या होत्या. म्हणाल्या, ह्यांनी सोडलीय, पण तुम्ही लक्ष ठेवा, वास आला तर आधी मला कळवा."

रोज सकाळी हे सर जीपच्या खिडकीत तोंड घालून "मामा, चहा झाला का?" विचारायचे. मला वाटायचं, काय माया आहे माणसाची!

"तुम्ही मला हुंगत होता व्हय?"

"पहिलं वर्षभर," सर म्हणाले. "नंतर खरंच चहाचं विचारत होतो."

ते पुढं म्हणाले, की चौघं चाखणार म्हटल्यावर न चाखणारा एक माणूस गाडीला पाहिजेच, म्हणून तर तुम्हाला धरलं.

घरी येऊन बायकोवर ओरडलो. "मला न विचारता सांगितलंसच कसं?"

"लोकांच्या लेकी हायत त्या. त्यांच्यापासून लपवू व्हय?"

"आन् मला तरी सांगायचं! इतकी वर्षं मी उगं जीव मुठीत धरून फिरलो."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी जीपच इकली असती, ताठ्यानं."

ते खरंच होतं. मी जेवायला बसलो. पोटभर जेवलो.

मग आम्ही गेलो नाशिकला. मुक्काम नगरलाच केला, माझंच बरोबर निघालं. पहिल्या मळ्यात सरांच्या मागोमाग मीही आत शिरलो, म्हटलं बघू तरी. मोठमोठी पिंपं, थंडगार खोली, टेबलावर निमुळते ग्लास. लोक घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकत होते. एवढ्या लांब येऊन थुंकायचं, याचं मला नवल वाटलं. मग वास आला. आंबूस, ओळखीचा. ओढ लागली, खोटं कशाला लिहू?

"सर, मला हितं उभारवंना. मी भाईर बसतो," मी म्हणालो.

"बसा मामा," सर म्हणाले आणि परत ग्लासाकडं वळले. कुणी का म्हणून विचारलं नाही, मला काही कारण जुळवावं लागलं नाही. बाहेर येऊन लिंबाखाली बसलो, चपला काढून पाय लांब केले. समोर ओळीनं द्राक्षाचे वेल होते. टेबलाजवळचा एक पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन आला, "काका, तुम्ही नाही घेत?"

"न्हाई," म्हणालो. "आधी लई घेतली."