आईची रजा

आईला लकवा मारला तेव्हा मी मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होते. औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायच्या. कंपनीच्या बायका आणि आम्ही ठेकेदाराच्या बायका एकाच पट्ट्याला उभ्या राहायचो, काम तेच, पगार मात्र त्यांच्या निम्म्याहून कमी. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नसे.

वैशाखरे गावातल्या घरात आम्ही दोघीच. आईची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इस्पितळातून घरी आणल्यावर तिला सोडून जाणं शक्यच नव्हतं. मी सुपरवायझरला फोन केला.

"रजा परमनंटवाल्यांना असते. तुमी ठेकेदाराच्या," तो म्हणाला. "उद्या आली नाय तर दुसरी उभी करीन."

मी गेले नाही. शेजारच्या काकू दिवसा आईजवळ बसायला तयार झाल्या, तेव्हा डबा घेऊन पुन्हा गेटवर उभी राहिले. वॉचमननं आत सोडलं नाही. शिफ्ट सुटली. माझ्या पट्ट्यावरच्या बायका समोरून गेल्या, कुणी चपलेकडे बघत, कुणी फोनकडे.

एकच थांबली. ती रोज माझ्या शेजारी उभी राहायची. तेव्हा तिला दिवस गेले होते, आणि तिला स्वतःचीही काळजी लागली होती.

"मला पण असंच काढतील का गो?" तिनं विचारलं.

"चल, कल्याणला जाऊन विचारू."

कामगार ऑफिसात दोघी गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. कारखान्यात राबणाऱ्याची भरपगारी रजा साठते, माणूस ठेकेदाराचा असला तरी, असं त्यांनी सांगितलं. बाळंतपणाची रजासुद्धा मिळते. मग म्हणाले, "तक्रार करा. पण तारखेला सोबतीण आणा. एकटीचं म्हणणं ठेकेदार खोटं पाडतो."

येताना एसटीत तिनं माझा हात धरला होता. "मी येनार. तू काळजी करू नको."

तारखेच्या दिवशी मी लवकर पोचले. बाकावर माझ्या शेजारी पिशवी ठेवून जागा धरली. ठेकेदार वकील घेऊन आला. मी जिन्याकडे बघत राहिले. तिचा फोन बंद होता. शेवटी आतून हाक आली, तेव्हा पिशवी उचलली आणि एकटीच गेले. काय बोलले ते आज धड आठवत नाही. वकील मध्येच म्हणाला, "बाईंना सवय आहे दांड्या मारायची." त्यावर मात्र मी म्हणाले, "माझी आई बोलत नाय साहेब. तिला पाणी पायजे का, ते पण मला तिच्या डोळ्यांत बघून ओळखावं लागतं."

साहेबांनी हजेरीचे कागद मागवले. पुढच्या तारखांनाही मी एकटीच जात होते. शेवटी ठेकेदाराला माझ्या साठलेल्या रजेचा पगार द्यावा लागला, आणि सगळ्या बायकांना रजा लागू करावी लागली. मला मात्र त्यानं परत घेतलं नाही. तुझी जागा भरली, म्हणाला. पुढे भांडायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. आता टोकावड्याच्या एका ढाब्यावर सकाळी भाकऱ्या थापते आणि दुपारी घरी येते. दिवस दिवस आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नसतो.

मागच्या उन्हाळ्यात ती आली, कडेवर मुलगी घेऊन. उंबऱ्यातच उभी राहिली.

"नवरा बोलला, कामावरून काढतील, जाऊ नको. मग मी आले नाय," ती म्हणाली. "मला रजा भेटली. पगारी."

मला राग यायला हवा होता. मी तिला आत बोलावलं, चहा ठेवला. तिनं मुलीला आईच्या अंथरुणावर ठेवलं. आईनं डावा हात हळूहळू सरकवत नेला आणि त्या पोरीच्या पायाला लावला.

"माझ्या जागेवर कोण उभी राहते?" मी विचारलं.

"नवीन पोरगी हाये. धसईची. बोलत नाय जास्त."

एसटीची वेळ झाली तशी ती निघाली. मी रस्त्यापर्यंत सोडायला गेले. गाडी आली. तिनं खिडकीतून मुलीचा हात हलवला.

संध्याकाळी आईला पेज भरवताना मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, तारखेच्या दिवशी धरून ठेवलेल्या जागेसकट. ती माझ्याकडे बघत होती. तिला किती कळलं, मला माहीत नाही.