आण्णांचं बटण

सभांना माईक लावणाऱ्याकडे किस्से वायरींसारखे साठतात. एक ओढायला जावं, तर चार गुंतलेल्या बाहेर येतात! नाशिकमध्ये तीस वर्षं मी सगळ्या पक्षांना माईक लावलेत, पण मित्रांत बसलो की विषय निघतो तो आण्णा आणि बापूंचाच. दोघंही गंगापूर रोडकडच्या आमच्या वॉर्डातले, आणि दर निवडणुकीत एकमेकांसमोर उभे.

*

आण्णांनी पहिलं काम देतानाच अट घातली होती. "कामावर टीका करीन, लय करीन. पण कुणाच्या घरच्यांवर घसरलो, का माईक बंद करायचा. मला विचारायचं नाय."

मला वाटलं, पुढारी बोलतातच असं! पण एका सभेत आण्णा रंगात आले आणि थेट बापूंच्या मेव्हण्यावर घसरले. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

"लाईट गेली का हो?" लोक ओरडले.

"लाईट हाय!" आण्णा स्टेजवरून ओरडले. "माझीच अक्कल गेलती!"

*

बापूंच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात हजर. "मलाही तोच माईक, आणि तीच अट!"

बापू ओझरच्या कारखान्यात युनियनची भाषणं करून तयार झालेला माणूस. माईक बंद केला तरी आवाज शेवटच्या रांगेत पोचणार. पहिल्या सभेत तीनदा बटण दाबलं मी. तिन्ही वेळा बापूंनी जीभ चावली आणि गाडी गटारी-पाण्याकडे वळवली.

खाली उतरल्यावर म्हणाले, "आज माझ्यापेक्षा तुझं बटणच जास्त बोललं की रे!"

*

एका निवडणुकीत शेवटच्या दोन दिवसांत बापूंचा हा आवाजच बसला. आण्णांनी माझ्या हाती ज्येष्ठमधाच्या काढ्याचा थर्मास पाठवला. बापूंचे कार्यकर्ते आडवे आले. "बापू, पिऊ नका! काहीतरी घातलं असेल!"

बापूंनी घटाघटा काढा संपवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अरे, त्याला मला हरवायचंय. मग मी जिवंत नको का?"

*

हल्लीची तऱ्हा वेगळी. मागे बाहेरून आलेल्या एका वक्त्याने शिवी हासडली, मी सवयीनं बटण दाबलं. त्याचा मोबाईलवाला माझ्यावरच धावून आला. "काका, क्लिपची वाट लावली! शिवीशिवाय व्हिडिओ चालतो का?"

त्या दिवशी वाटलं, आपलं दुकान बंद करावं. खरंच वाटलं.

*

या वेळी आण्णा उभे राहिले नाहीत. त्यांचा मुलगा विक्रम उभा राहिला, समोर बापूच. विक्रमनं मला आधीच बजावलं होतं, "काका, माझ्या सभेत ते बटणाचं नाटक नको."

सभेला गर्दी तुफान. आण्णा पहिल्या रांगेत. टाळ्या वाजत गेल्या तसा विक्रम चढत गेला, आणि बापूंच्या मुलीच्या मोडलेल्या संसारावर बोलला. माझा हात बटणावर गेला, पण विक्रमचा दम आठवला आणि बोट थांबलं. बटण दाबलं तोवर ते वाक्य बाहेर पडलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या नाशिकच्या मोबाईलवर! पोरीनं घराबाहेर पडणं सोडलं. तीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आण्णा ते वाक्य ऐकताच सभेतून उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी बापूंची सभा. आज बापू विक्रमला सोडत नाहीत, हे सगळ्यांना माहीत. विक्रमच्या कॉलेजातल्या एका प्रकरणाचे कागद त्यांच्या हातात आहेत, ही बातमी आधीच फिरली होती. मैदानात पाय ठेवायला जागा नाही. शंभरेक मोबाईल वर धरलेले.

बापू माईकपाशी आले. हातात खरोखरच कागद होते.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आण्णा आले. कुणी हूट केलं, कुणी शिट्टी मारली. ते सरळ माझ्या टेबलाजवळ आले, खुर्ची ओढून बसले.

"सरक," मला म्हणाले. "आज बटण माझ्याकडं दे."

त्यांनी बटणावर बोट ठेवलं. मी बाजूला झालो.

बापूंनी वरून आण्णांकडे पाहिलं. खालून पोरं ओरडत होती, "बापू, वाचा! वाचा!"

बापूंनी कागदांची घडी केली आणि खिशात घातली. मग चाळीस मिनिटं ते रस्त्यांवर बोलले, नळाच्या पाण्यावर बोलले, आण्णांच्या पक्षाच्या कारभाराची सालटी काढली. कंटाळून निम्मे मोबाईल खाली गेले. आण्णांचं बोट बटणावरून हललं नाही आणि बटण एकदाही दाबलं गेलं नाही.

भाषण संपलं. बापूंनी माईक हातात घेतला, माझ्या टेबलाकडे वळले आणि हात जोडले.

"आण्णा," ते म्हणाले, "आता बंद करा."