भुईआवळीचा रस आणि देवळीतल्या गोळ्या

आमच्या स्वयंपाकघरात हळदीला बंदी होती, तेव्हाची ही आठवण. झरी गावाच्या पलीकडचं आमचं खेडं. मी धाकटी सून. थोरल्या जावेला तोंडावर मी 'बाई' म्हणायचे, मनात मात्र ती माझी बहीणच होती. तिला क्षय झाला होता आणि परभणीच्या दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या. खोकला हटला, पण ती पिवळी पडली. डोळे, नखं, तळहात, सगळं.

"न लावताच हळद लागली बघ मला," असं म्हणून हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी कावीळ उतरवणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. भुईआवळी मी कपाशीतून उपटून आणायचे, पहाटे, तोंडातून शब्द न काढता. वाटायची, फडक्यातून गाळायची आणि रस शेळीच्या दुधातून द्यायचा. तेल बंद, हळद बंद. म्हाताऱ्याची अट एकच, रस चालू हाय तवर दुसरं औषध पोटात जायला नको. गोळ्यांची पुडी आत्याबाईंनी भिंतीतल्या देवळीत सरकवून दिली.

आणि गुण आला की हो! डोळे निवळले, जेवण जायला लागलं. आत्याबाईंनी मारुतीला नारळ फोडला. मीही आनंदानं रडले.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सारखे बंद व्हायचे, यष्टीचा भरवसा नसायचा. गाडी सुरू झाल्यावर मी तिला परभणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, रक्त तपासलं.

"काविळीचं मूळ गोळ्याच होत्या," त्या म्हणाल्या. "त्या थांबल्या म्हणून यकृत सावरलं. रसानंही हातभार लावला असेल, मी नाही म्हणत नाही. पण छातीतला आजार तसाच आहे. आता एकेक गोळी परत सुरू करू, रक्त तपासत राहू. सोडल्या तर तो उलटेल."

घरी येऊन हे सांगितलं तर आत्याबाई कडाडल्या, "ज्यानं पोरगी पिवळी झाली तेच परत घालायचं तिच्या पोटात? डोकं फिरलं का तुझं?" थोरले दीर खाली मान घालून बसले. त्या मान घालण्याचा मला आजही संताप येतो.

मी म्हाताऱ्यालाच घरी घेऊन आले. म्हटलं, याचं तरी ऐकतील. तो ओसरीवर टेकला.

"कावीळ उतरली, माझं काम झालं," तो म्हणाला. "आता गोळ्याला माझी आडकाठी न्हाई. छातीचं मला कळत न्हाई बाई, ते डॉक्टरला इचारा."

सरळ माणूस. पण आत्याबाईंनी पहिलं तेवढं ऐकलं. "झालं न्हवं काम? मग!"

मी जावेच्या हातापाया पडले. "बाई, रस बी घ्या, गोळ्या बी घ्या. दोन्ही मी माझ्या हातानं देते."

"मला बरं वाटायलंय गं," ती म्हणाली. "त्या गोळ्यांनी नुसतं मळमळतंय. ऱ्हाऊ दे."

वर्ष बरं गेलं. त्या वर्षात आत्याबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणींना सांगायच्या, पोरगी कशी ठणठणीत हाय बघा. मग खोकला परतला, आणि एके दिवशी रक्त पडलं. पुन्हा परभणीला धावलो, पण लय उशीर झाला होता. हुरड्याच्या दिवसांत ती गेली.

सवाष्णीला हळद लावून न्यायचं होतं. आत्याबाईंनी डबा माझ्यापुढं ठेवला. तिच्या पापण्या मिटवता मिटवता त्यांना हुंदका आला. "डोळे बघ गं, कसे पांढरेशुभ्र. कावीळ पार गेली हुती."

मी हळद भिजवली आणि जावेच्या गालाला लावली.

"गेली हुती, आत्याबाई," मी म्हणाले. "कावीळ गेली हुती."