एक चाकू असताना आणखी पाच

माझा मामा भित्रा होता, हे आधीच सांगून टाकते, कारण तो स्वतःही ते कुणापासून लपवत नसे. घराला कुलूप लावून निम्मा जिना उतरला की परत वर यायचा आणि कुलूप ओढून बघायचा. फोन वाजला की त्याचा हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. मामी म्हणायची, "याच्या जिवाला घोर लावायला दुसरं कुणी लागत नाही. हा एकटा पुरेसा आहे."

मामा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरीला होता. तळघरातली लांबलचक खोली, लोखंडी रॅक, आणि त्यांवर निकाल लागून गेलेल्या खटल्यांचे गठ्ठे. कुणी जुन्या कागदाची नक्कल मागितली की गठ्ठा शोधायचा, सुतळी सोडायची, कागद द्यायचा, तो परत आला की पुन्हा बांधून ठेवायचा. वाचायला सोपं वाटतं. पण वीस-तीस वर्षं आवळून बसलेली गाठ नखांना दाद देत नाही. नोकरीला लागला त्या वर्षी मामाने अशाच एका गाठीवर ऑफिसातला कटर चालवला. गाठ सुटली आणि खालच्या खरेदीखताला बोटभर चीर गेली. चौकशी सात महिने चालली. शेवटी समज देऊन सोडून दिलं, पण तेवढ्यात त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले ते झालेच.

त्यानंतर त्याने तो चाकू घेतला. मिटून खिशात मावणारा, काळसर लाकडी मुठीचा. पात्याचं टोक गोलसर होतं. धार वर करून ते गाठीखाली सरकवायचं, जरासं उचलायचं, की सुतळी तुटायची आणि कागदाला कळायचंही नाही. एकवीस वर्षांत एका पानावर ओरखडा आला नाही. जेवणानंतर सफरचंदाच्या फोडीही मामा त्यानेच करायचा आणि मग रुमालाने पातं असं पुसायचा, जसं तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं.

मी तेव्हा नोकरीसाठी मामाकडे राहत होते. एके दिवशी तो चाकूचा सैल झालेला खिळा घट्ट करून घ्यायला हत्यारांच्या दुकानात गेला आणि चेहरा पाडून परत आला.

"काय झालं?" मामीने विचारलं.

"कारखाना बंद पडला. दोघे भाऊ बनवायचे, ते वेगळे झाले. दुकानदाराकडे शेवटचे पाच उरलेत."

"मग? तुझा आहे ना चांगला?"

"आहे. पण हरवला तर?"

झालं. त्या दिवसापासून मामाचा हात दर पाच मिनिटांनी खिशाकडे जायला लागला. बसमध्ये, भाजी घेताना, दाढी करताना सुद्धा, अंगात खिसा नसताना. जेवायला बसलं की तोच विषय. एक जादा घ्यावा का दोन? एकच घेतला आणि तोही गेला तर? मी म्हटलं, "मामा, पाचही घेऊन टाक आणि मोकळा हो." मामी म्हणाली, "तीस वर्षं एकाच बायकोवर भागवलंस ना? मग चाकूही एक पुरेल." मामा हसला, पण घास तसाच हातात राहिला.

आठवडाभर तळ्यात-मळ्यात करून शेवटी एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो दुकानात गेला आणि पाचही घेऊन आला. दुकानदाराने ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, कागद गुंडाळून, सुतळीने बांधून दिले.

परत आला तर कर्मचाऱ्यांचं बाजूचं दार बंद. त्या दाराशी वीस वर्षं एकच म्हातारा रखवालदार असायचा. त्याला मामाचा चाकू माहीत होता, तो नुसता हात वर करायचा. आज दारावर कागद चिकटवलेला होता: सर्वांनी मुख्य फाटकातून यावे. सकाळी एका न्यायाधीशांना धमकीचं पत्र आलं होतं. मुख्य फाटकाशी लांब रांग, मेटल डिटेक्टरची चौकट, पिशव्या तपासायचं यंत्र आणि त्यामागे एक नवीन, करड्या चेहऱ्याची महिला पोलीस.

मामा रांगेत उभा राहिला. पुढे चार माणसं होती. हातात पाच चाकू आणि खिशात सहावा. त्याने नंतर मला सांगितलं, "मला वाटलं गं, आता ही बाई विचारणार, कोर्टात सहा चाकू कशाला आणलेत. काय सांगणार होतो मी?"

सांगायला खरं तर सोपं होतं. पण भ्यायलेल्या माणसाला सोपं सुचत नाही. तो रांगेतून बाहेर पडला. भिंतीलगत सिमेंटच्या मोठ्या कुंड्या होत्या, तिकडे गेला. खोक्याची सुतळी सैल करून त्याने आपला जुना चाकूही आत सरकवला, खोकं कुंडीमागे ठेवलं, आणि पाच वाजता घरी जाताना उचलू असा विचार करून पुन्हा रांगेत लागला. चौकटीतून गेला तेव्हा यंत्र वाजलं नाही. बाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तळघरात येऊन तो खुर्चीवर बसला आणि हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा. तो वाकून खुर्चीखाली बघायला लागला. मग आठवलं.

वीसेक मिनिटांत भोंगा वाजला. सगळ्यांनी ताबडतोब इमारत सोडावी. जिन्यात बुटांचा खडखडाट, कुणीतरी रडतंय, वकिलांच्या फायली पायांखाली. मामा लोंढ्याबरोबर बाहेर आला. रस्त्यापलीकडे माणसं दाटीने उभी होती आणि जो तो सांगत होता, फाटकाशी बॉम्ब सापडला. खोकं आहे. सुतळीने बांधलंय. यंत्र जवळ नेलं तर वाजलं, आत लोखंड आहे. कुणीतरी मुद्दाम कुंडीमागे लपवून गेला.

मामा म्हणतो, त्या क्षणी त्याला ऐकू येणं बंद झालं. नुसती तोंडं हलताना दिसत होती. फाटकाशी दोरी बांधली जात होती, एक गाडी येऊन थांबली, तिच्यातून जाड अंगरख्यातला माणूस उतरत होता. गप्प राहिलं तर? कुणी पाहिलं नव्हतं. घरी जावं, पांघरूण घ्यावं. पण तेवढ्यात त्याच्या शेजारची बाई फोनवर ओरडली, "आई आत आहे माझी, तिला चालता येत नाही, तिला खुर्चीवरून आणतायत!" आणि खरोखरच दोन शिपाई एका म्हातारीला खुर्चीसकट उचलून धडपडत पायऱ्या उतरत होते. एकाचा पाय घसरला. खुर्ची कलली. म्हातारी किंचाळली.

मामा दोरीखालून वाकून पुढे गेला.

"ए, मागे हो!" फाटकावरची ती महिला पोलीस धावत आली.

"बाई, ते माझं आहे."

"काय तुमचं आहे?"

"खोकं. चाकू आहेत त्यात. सहा."

त्याने दोन्ही हात वर केले होते, कुणी सांगितलं नसताना.

मला फोन आला तेव्हा चार वाजले होते. मामीला घेऊन चौकीत पोचले तर मामा बाकावर बसलेला, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, हातात पाण्याचा पेला. समोर साहेब बसले होते, टेबलावर सहा चाकू ओळीने मांडलेले.

"एका माणसाला सहा चाकू कशाला लागतात?" साहेबांनी विचारलं. बहुतेक दहाव्यांदा.

"हरवला तर म्हणून."

"आतापर्यंत किती हरवले?"

"एकही नाही."

"किती वर्षांत?"

"एकवीस."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मामी पुढे झाली. "साहेब, हा माणूस दाराचं कुलूप दोनदा बघतो. याच्याने बॉम्ब ठेववेल? वात लावायच्या आधी हाच घाबरून मरेल."

कुणी हसलं नाही. साहेब लिहीतच होते. दुकानदाराला बोलावलं गेलं. म्हाताऱ्या रखवालदाराला घरून आणलं. त्याने टेबलाकडे पाहून, न विचारता, सहांतला जुना चाकू बरोबर उचलला आणि म्हणाला, "हा रेकॉर्ड रूमच्या साहेबांचा. रोज बघतो मी." अंधार पडायच्या सुमाराला मामाचा जबाब पुरा झाला आणि त्याला घरी जाऊ दिलं.

पण भीती तिथे संपली नाही. पुढचे दोन महिने ऑफिसची चौकशी चालली. मामा झोपेत दचकून उठायचा, "मी सांगितलं ना, माझं आहे!" असं ओरडायचा, मामी त्याला थोपटत बसायची. रेकॉर्ड रूममध्ये त्या काळात तो गाठी नखांनी सोडवत होता. बोटांची टोकं फुटून चिकटपट्ट्या लागल्या, पण कटरला त्याने हात लावला नाही. नोकरी जाते की काय, असं त्याला रोज वाटे, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. शेवटी पगारवाढ एका वर्षासाठी रोखली आणि प्रकरण मिटलं. चौकीतल्या साहेबांनी चाकू परत न्यायला सांगितलं. मामा गेला नाही, मी गेले.

सहाही चाकू मी जेवणाच्या टेबलावर ठेवले. मामाने एकेक उघडून पाहिला, मिटला.

"मामा, त्या वेळी तू पुढे गेलास, तेव्हा भीती कमी झाली का रे?" मी विचारलं.

"छे! उलट वाढली," तो म्हणाला. "इतकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. अजून वाटते."

मग त्याने दोन चाकू कागदात गुंडाळून मामीच्या कपाटात ठेवले, एक मला दिला, एक रखवालदाराला. राहिलेल्यांतला एक रेकॉर्ड रूमच्या खणात गेला, वरिष्ठांच्या सही-शिक्क्याचं परवानगीपत्र घेऊन. जुना खिशात. निवृत्त होईपर्यंत तो रोज मुख्य फाटकातूनच आत गेला. त्या महिला पोलिसाने काही विचारायच्या आत चाकू काढून तिच्या तळहातावर ठेवायचा, आणि ती तो उघडून, बघून, मिटून परत देईपर्यंत श्वास रोखून उभा राहायचा.