बिनविरोध सोसायटीत बल्गेरियन पाहुणा

खोपटच्या डेपोत कल्याणच्या एसटीत चढलो तेव्हा माझी छाती चांगली पुढे आलेली होती. येणारच! एका अख्ख्या देशाला लोकशाही शिकवायची जबाबदारी त्या रविवारी माझ्यावर होती.

देश म्हणजे स्तोयान. बल्गेरियाहून आमच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेला. ऑर्डर गेली तेव्हा तिकडे कम्युनिस्ट राजवट होती. यंत्र ठाण्याला पोचेपर्यंत राजवट गेली, आणि त्याला पाठवणारी सरकारी कंपनी आता आहे की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. परत गेल्यावर त्याला मत द्यायचं होतं. तुटक इंग्रजीत तो म्हणाला, "पूर्वी एकच नाव असायचं. सोपं होतं. आता पक्षच पक्ष. काही तर जुनीच माणसं, पाटी नवी. तुम्ही इतकी वर्षं कसं ओळखता?"

"चल, दाखवतो," मी म्हणालो. डोंबिवलीत माझ्या शालूमावशीच्या सोसायटीत चेअरमनची निवडणूक होती.

कशेळीच्या पुलावरून खाडी दिसली, भिवंडीत मागांची खडखड ऐकू आली. भिंतींवर जुन्या निवडणुकीची पुसट चिन्हं होती. "यातलं कोण जिंकलं?" स्तोयानने विचारलं. मला आठवेना. मी त्याला कल्याणच्या खाडीतली रेतीची होडी दाखवली.

कल्याणहून रिक्षाने मावशीकडे पोचलो. मावशी निवृत्त शिक्षिका, राहायला तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीचा पंप चालायचा तळमजल्यावरच्या, कायमचे चेअरमन असलेल्या सामंतकाकांच्या मर्जीने, आणि वर पाणी यायचं ते दुपारी, करंगळीएवढं. "या वयात बादल्या चढवू होय रे बाळ्या?" असं म्हणत तिने सामंतकाकांविरुद्ध अर्ज भरला होता.

स्तोयान थालीपीठ काट्याने खायची खटपट करत होता, तेवढ्यात सामंतकाका स्वतःच वर आले. "ताई, आजवर आपली निवडणूक कायम बिनविरोध. शेजाऱ्याशेजाऱ्यांत मतदान? शोभतं का?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही भाचे ना? समजवा जरा."

पाहुण्यासमोर भांडण नको, म्हणून मी लगेच समजवायला लागलो. "मावशी, घे ना अर्ज मागे. मान राहील सगळ्यांचा."

मावशीने उत्तर म्हणून मला आणखी एक थालीपीठ वाढलं, जरा जोरात.

मी स्तोयानला अभिमानाने सांगितलं, "बघ, इथे बिनविरोध (म्हणजे उभ्या राहणाऱ्याला आधीच बसवणं) हा मोठा मान! एवढी एकी!"

त्याचा काटा थांबला. "आमच्याकडेही तसंच होतं. माझं अर्धं आयुष्य."

"छे छे, आमचं वेगळं. इथे कोणीही उभं राहू शकतं."

"आणि बसवतं कोण?"

"कोणी नाही रे. शेजारी, नातेवाईक..."

"आमच्याकडेही शेजारीच," तो म्हणाला. मी चटणी मागितली.

सभा गच्चीवर भरली. सामंतकाकांनी घाईघाईने विचारलं, "मीच राहावं, सर्वांना मान्य? हात वर!" हात वर गेले. त्यात स्तोयानचाही! सभा खो खो हसली. तो मात्र स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

मावशी उठली. "त्या बिचाऱ्याला सवय लावली होती. तुम्हाला कोणी लावली?"

मावशी खाली गेली आणि लोणच्याची रिकामी बरणी घेऊन वर आली. "माझा अर्ज आहे. चिठ्ठ्या टाका. नाव लिहायचं, घडी घालायची."

घरटी एक चिठ्ठी. सामंतकाकांना नऊ, मावशीला सात.

मी सांत्वनाला गेलो, तर बाई हसतायत! "अरे, तिसऱ्या मजल्यावर घरं चारच. मग जास्तीची तीन मतं कुणाची?"

"कुणाची?" स्तोयानने विचारलं.

"ते कळू नये म्हणून तर बरणी!"

जिंकलेले सामंतकाका मात्र एकेकाचा चेहरा निरखत उभे होते. जाताना त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. मलासुद्धा.

परतीच्या एसटीत स्तोयानने विचारलं, "ते जिंकले, मग घाबरले का? आमच्याकडे जिंकलेला कधी घाबरत नसे." दाखवायला या वेळी खाडीत होडीही नव्हती. लोकशाही शिकवायला निघालो होतो मी, आणि दिवसभरात केलं एकच काम: उभ्या मावशीला बसवायचं. तेही जमलं नव्हतं.

आठवड्याने कारखान्यात मावशीचा फोन आला. "बाळ्या, पाणी आलं! सकाळी! धो धो!"

मी धावत जाऊन स्तोयानला सांगितलं. यंत्राखालून त्याचं तेलकट डोकं बाहेर आलं. "म्हणजे ती जिंकली?"

"नाही, हरलीच."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मला नीट कळलं नाही."

"मलाही," मी म्हणालो.

"पण बरणी कुठे मिळते?" त्याने विचारलं.